गोष्ट शिकवताना घोडं कुठे पेंड खातं? मुलांना कथानक समजावायची पायरी-पायरीने रीत

"एक मुलगा होता. मग तो जंगलात गेला. मग त्याला वाघ दिसला. मग तो पळाला. मग घरी आला. मग जेवला. मग झोपला. तात्पर्य: एकट्याने जंगलात जाऊ नये."

ही गोष्ट तुमच्या घरातल्या वहीतपण असेल. रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमधे मी तिसरी-चौथीच्या मुलांना घेऊन बसते, आणि जवळपास प्रत्येक नवीन मूल पहिल्या दिवशी ह्याच साच्याची गोष्ट लिहून देतं, फक्त वाघाच्या जागी कधी भूत असतं कधी एलियन. पालकांना विचारलं की म्हणतात, अहो आम्ही सांगितलंय की तिला, आरंभ मध्य शेवट हवा म्हणून. आता आरंभ, मध्य, शेवट तर दादर-ठाणे लोकललाही असतो. त्याची गोष्ट होत नाही. कोणीतरी मधेच चेन खेचली तर होते!

म्हणजे मुलांना भाग माहीत असतात, पण एका भागातून दुसरा निघतो कसा ते माहीत नसतं. खाली जी रीत देतेय ती ८ ते १० वर्षांच्या मुलांसाठी आहे, घरी एकाच मुलासोबत पण होते आणि ८-१० मुलांच्या गटात पण. मोठा वर्ग असेल तर गट पाडा. एका दिवसात सगळं उरकायला जाऊ नका, ४०-४५ मिनिटांच्या तीन बैठका तरी धरा.

## पायरी ०: तयारी (इथेच निम्मं काम होतं)

सामान अगदी घरातलं. पाठकोरे कागद कापून केलेल्या तळहाताएवढ्या चिठ्ठ्या (जुन्या लग्नपत्रिका सगळ्यात बेस्ट, जाड असतात), दोन खिडक्यांमधे बांधायला सुतळी, कपड्यांचे चिमटे आणि एक स्केचपेन. फळा नको. फळ्यावर आपण लिहितो आणि मुलं उतरवून घेतात, आणि इथे आपल्याला भाग उचलून इकडचे तिकडे करायचेत.

चिठ्ठ्यांवर आधीच नावं लिहून ठेवा. मी कथानक, संघर्ष, उत्कर्षबिंदू असले शब्द सुरुवातीला अजिबात वापरत नाही. माझ्या चिठ्ठ्या अशा आहेत: कोण-कुठे, हवंय, पेंड, खटपट (ह्याच्या तीन करा), टांगणी आणि सुटलं. एकूण आठ. पेंड म्हणजे घोडं कुठे पेंड खातं ती जागा, टांगणी म्हणजे जीव टांगणीला लागतो ती जागा. हे वाक्प्रचार मुलांना आधी समजावून सांगा बरं का, मी एकदा विसरले तर एका मुलाने गोष्टीत खरोखरचा घोडा आणून त्याला पेंड खायला घातली.

आता गोष्ट निवडणं. इथे लोक सर्रास चुकतात, नवीन सुंदर चित्रांचं पुस्तक आणतात. नवीन गोष्टीत मुलांचं सगळं लक्ष पुढे काय होतं ह्याच्यात जातं, गोष्ट बनलीय कशी तिकडे लक्ष द्यायला डोकं शिल्लकच राहत नाही. पाठ असलेली, शंभरदा ऐकलेली गोष्ट घ्या. त्यातही सगळ्या चालत नाहीत:

- टोपीविक्या आणि माकडं: पहिल्यांदा हीच. हवंय, पेंड, खटपट सगळं लख्ख दिसतं.
- म्हातारी आणि भोपळा: दुसऱ्या बैठकीसाठी. म्हातारी जाताना वाघाला वचन देते की लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते मग मला खा, आणि तिथेच परतीच्या वाटेची भीती पेरली जाते. पुढे येणार असलेल्या संकटाची चाहूल शिकवायला ह्याच्याइतकी सोपी गोष्ट मला तरी माहीत नाही.
- लांडगा आला रे आला: एकच प्रकार तीनदा होतो पण दरवेळी परिणाम वेगळा. चढण दाखवायला चांगली.
- तहानलेला कावळा: फक्त हवंय आणि पेंड ओळखायला. खटपट एकच आहे, त्यामुळे पुढच्या पायऱ्यांना पुरत नाही.
- बिरबलाची खिचडी: सुरुवातीला नको! थंड पाण्यात रात्रभर उभा राहिलेला गरीब माणूस वेगळा आणि अडचण सोडवणारा बिरबल वेगळा, त्यामुळे गोष्ट कोणाची ह्यावरच मुलं गोंधळतात. महिन्याभराने घ्या, तेव्हा मजा येते.

तपासा: निवडलेली गोष्ट तुम्हाला स्वतःला "अमक्याला तमकं हवं होतं, पण..." अशा एका वाक्यात सांगता येतेय का? नसेल येत तर दुसरी घ्या.

## पायरी १: गोष्ट सांगा आणि गप्प बसा

सलग सांगा. मधे थांबून "मग आता काय झालं असेल बरं?" असं विचारत बसू नका, तो खेळ वेगळा आहे, आज नको. वाचून दाखवू नका, सांगा. पाच-सहा मिनिटांत संपवा.

टोपीविक्याची गोष्ट घरोघरी दोन प्रकारे सांगतात. एकात तो वैतागून डोक्यावरची टोपी आपटतो आणि माकडं पण आपटतात, म्हणजे नशीबच. दुसऱ्यात त्याच्या लक्षात येतं की आपण जे करतोय तेच माकडं करतायत, आणि म्हणून तो मुद्दाम टोपी फेकतो. तुम्ही दुसरी सांगा. का ते पायरी ६ ला कळेल.

सावधान: गोष्ट संपल्या संपल्या "ह्यातून आपण काय शिकलो?" हे विचारायचं नाही. मला माहितेय जिभेवर येतं, आपल्या सगळ्यांनाच तसं शिकवलंय. पण एकदा तात्पर्य विचारलं की मुलांच्या दृष्टीने गोष्ट संपली, दप्तर भरायला मोकळी.

## पायरी २: गोष्ट कोणाची आणि त्याला काय हवंय

"मेन कॅरेक्टर कोण?" असं विचारलं की मुलं सगळ्यात चांगल्या माणसाचं नाव सांगतात नाहीतर सगळ्यात गमतीशीर प्राण्याचं. चिऊ-काऊच्या गोष्टीत शंभरातली नव्वद मुलं चिऊताई म्हणणार, कारण चिऊ शहाणी, तिचं घर मेणाचं. पण पावसात भिजतोय कोण? घर कोणाचं वाहून गेलं? दार उघडावं म्हणून जीव कोणाचा चाललाय? कावळ्याचा. चिऊ तर आत बाळाला न्हाऊ घालतेय, तीट लावतेय, तिचं काहीच अडलेलं नाही. म्हणून प्रश्न असा विचारा: कोणाचं काम अडलंय? चांगला-वाईट हा मुद्दाच नाही.

मग हवंयची चिठ्ठी. इथे मुलं "त्याला आनंदी व्हायचं होतं", "त्याला मोठं व्हायचं होतं" असली ढगातली उत्तरं देतात. ते हातात धरता येईल किंवा डोळ्यांनी दिसेल असं पाहिजे. टोप्या परत हव्यात. पाणी प्यायचंय. लेकीकडे पोचायचंय. एकाने मला सांगितलं की टोपीविक्याला झोपायचं होतं. चूक म्हणू नका लगेच, खरंच सुरुवातीला त्याला झोपायचंच होतं! त्याला विचारा, झोप नाही मिळाली तर काय बिघडलं असतं? काही नाही. आणि टोप्या नाही मिळाल्या तर? दिवसाची कमाई गेली, घरी काय नेणार. जे न मिळाल्याने जास्त बिघडतं ती चिठ्ठी दोरीवर.

तपासा: मुलाने "___ला ___ हवं होतं, नाहीतर ___" हे वाक्य तुमच्या मदतीशिवाय पूर्ण केलं की पुढे चला. नाहीतर तहानलेल्या कावळ्यावर अजून पाच मिनिटं.

## पायरी ३: घोडं कुठे पेंड खातं

ही पायरी छोटी आहे, पण चुकायची जागा एकच आणि ती मोठी. मुलांना वाटतं अडचण म्हणजे व्हिलन. मग प्रत्येक गोष्टीत चोर नाहीतर राक्षस घुसतो आणि नायकाचा त्याच्याशी काही संबंधच नसतो. माठात पाणी तळाशी आहे, ह्यात कुठे आलाय व्हिलन? अडचण ही हवंयच्या बरोब्बर आडवी आली पाहिजे, म्हणून मी दोन्ही चिठ्ठ्या एकाच चिमट्यात लावते, हवंय मागे, पेंड पुढे. शेजारच्या गावात कितीही मोठा राक्षस असू दे, त्याने टोप्या नेल्या नसतील तर तो ह्या गोष्टीचा राक्षस नाही.

## पायरी ४: "मग" काढा, "म्हणून" आणि "पण" घाला

वेळ इथे घालवायचा. तीन बैठकांतली एक अख्खी ह्याच्यासाठी ठेवलीत तरी चालेल.

आधी मुलांकडून खटपटीच्या चिठ्ठ्या भरून घ्या. टोपीविक्या ओरडला, माकडं ओरडली. दगड मारले, माकडांनी फळं मारली. डोक्यावरची टोपी फेकली, माकडांनी पण फेकल्या. आता तीनही दोरीला उलटसुलट लावा आणि मुलांना त्या क्रमाने गोष्ट सांगायला सांगा. टोपी फेकणं पहिलं आलं की गोष्ट तिथेच संपते, पुढच्या दोन चिठ्ठ्या लटकत राहतात, आणि मुलं हसतात. ते हसणं म्हणजे कळलं!

मग दोन चिठ्ठ्यांच्या मधे जोडशब्दाची बारकी चिठ्ठी लावायची. नियम एकच: "मग" आणि "नंतर" ह्यांना बंदी, फक्त "म्हणून" आणि "पण" चालेल.

> टोपीविक्या चालून दमला होता म्हणून झाडाखाली झोपला, पण झाडावर माकडं होती म्हणून टोप्या गेल्या, म्हणून तो ओरडला, पण माकडं पण तशीच ओरडली, म्हणून त्याने दगड मारले, पण माकडांनी फळं मारली, म्हणून त्याच्या लक्षात आलं की ही नक्कल करतायत...

बघा, शेवटचा "म्हणून" किती कामाचा आहे. आधीच्या दोन खटपटी फुकट गेल्या असं वाटत होतं, पण त्यांच्यातूनच उपाय निघाला. हे मुलांना सांगू नका, त्यांनीच म्हणू दे, दहा मिनिटं लागली तरी.

आणि मग वरच्या वाघाच्या गोष्टीवर हाच प्रयोग करा. "एक मुलगा होता म्हणून तो जंगलात गेला"? छे. "घरी आला म्हणून जेवला, जेवला म्हणून झोपला", हे जमतंय खरं पण हवंय कुठाय? मुलांना स्वतःलाच कळतं की भोक कुठे आहे. (लिहिणारं मूल समोर असेल तर त्याची गोष्ट घेऊ नका, तुम्हीच एक मुद्दाम वाईट गोष्ट बनवून आणा. माझ्याकडून ही चूक झालीय, तो मुलगा पुढचे दोन रविवार आलाच नाही.)

तपासा, चिमटा-परीक्षा: मधली कुठलीही एक चिठ्ठी काढून घ्या आणि गोष्ट सांगायला लावा. काही फरक पडला नाही तर ती चिठ्ठी फालतू होती. गोष्ट कोसळली तर ती खरी.

सावधान: "म्हणून"चा अतिरेक झाला की "तो उठला म्हणून त्याने दात घासले" सुरू होतं. खटपट म्हणजे हवंयसाठी केलेली गोष्ट, दिनक्रम नाही. दात, आंघोळ, नाश्ता सगळं कापा.

## पायरी ५: जीव टांगणीला

क्लायमॅक्स म्हणजे फायटिंग असं मुलांच्या डोक्यात असतं, सिनेमांमुळे. मी त्यांना विचारते, ही टीव्ही सिरीयल असती आणि तुम्हाला आईला सगळ्यात जास्त चिडवायचं असतं, तर "क्रमशः" कुठे टाकलं असतं? बस, एवढं पुरतं. आजी-आईसोबत सिरीयली बघून ती पोरं ह्यात एक्सपर्ट झालेली असतात. म्हातारीच्या गोष्टीत भोपळा टुणुक टुणुक येतोय आणि वाघ त्याला अडवतो, क्रमशः! टोपीविक्यात त्याने स्वतःची उरलेली एकुलती एक टोपी हवेत फेकली आणि माकडं बघतायत, क्रमशः! आता ही पण गेली तर?

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. टांगणीला दोन्ही शक्यता उघड्या पाहिजेत, मिळेल किंवा कायमचं जाईल. सगळं आधीच जमलं असेल तर ती टांगणी नाही.

गटात मुलं वेगवेगळ्या जागी क्रमशः टाकतील. भांडू द्या. लांडगा आला रेमधे कोणी तिसऱ्या हाकेला टाकतं, कोणी लांडगा प्रत्यक्ष दिसल्यावर, दोन्ही पटण्यासारखं आहे. कारण देता आलं की उत्तर बरोबर.

## पायरी ६: सुटलं की सोडवलं?

मुलांच्या गोष्टींचे चार ठरलेले शेवट आहेत: जाग आली आणि ते स्वप्न होतं, पोलीस आले, देव प्रसन्न झाला, आणि जादूची कांडी. चारही शेवटांत बिचाऱ्या नायकाला काहीच करावं लागत नाही. म्हणून मी टोपीविक्याची "लक्षात आलं" वाली गोष्ट सांगायला सांगितलं होतं. आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा, वैतागून टोपी आपटणारा आणि मुद्दाम फेकणारा, आणि विचारा कुठली जास्त आवडली. अजून तरी एकही मूल पहिली म्हणालेलं नाही.

नियम असा द्या: अडचण योगायोगाने आली तर चालेल, सुटताना मात्र गोष्टीत आधी दिसलेल्या कशाने तरी सुटली पाहिजे. भोपळा लेकीने दिला ते आपण आधीच पाहिलंय, म्हणून चालतो. आकाशातून हेलिकॉप्टर नाही चालणार.

सगळं गोड व्हायलाच पाहिजे असं मात्र नाही. लांडगा आला रे मधे शेवटी मेंढ्या जातातच.

तपासा: सुटलं चिठ्ठी हातात घेऊन पहिल्या हवंय चिठ्ठीशेजारी धरा. हवंयला उत्तर मिळालं का, हो किंवा नाही? तिसरंच काही लिहिलं असेल तर गोष्ट वाटेत भरकटलीय.

## पायरी ७: तयार गोष्ट मोडा

स्वतःची गोष्ट लिहायला देण्याआधी ही पायरी गाळू नका, सगळे गाळतात. दोरीवरची एकच चिठ्ठी बदलायची आणि बाकीच्यांचं काय होतं बघायचं. माकडांऐवजी झाडावर खारी असत्या, ज्या नक्कल करत नाहीत तर? टोपीविक्याच्या डोक्यावर टोपीच नसती तर? एका मुलीने सांगितलं की त्याला टोप्या परत नकोच होत्या, त्याला माकडंच गिऱ्हाईक म्हणून हवी होती, आणि मग पेंड अशी की माकडांकडे पैसे नाहीत. तिथून ती गोष्ट कुठल्या कुठे गेली, फळांच्या बदल्यात टोप्या, मग गावात फळं विकणं. हवंय बदललं की सगळी दोरी बदलते हे मला शिकवावं लागलंच नाही.

## पायरी ८: आता स्वतःची, आधी चिठ्ठ्या मग वही

क्रम पाळा: चिठ्ठ्या, मग तोंडी सांगणं, मग लिहिणं. थेट वही दिली की परत "एक मुलगा होता".

"मला काही सुचत नाही" म्हणणाऱ्याला विषय देऊ नका, विचारा की गेल्या आठवड्यात तुझं काय हरवलं, काय तुटलं, कोणी काय दिलं नाही. हे प्रत्येकाकडे असतं. आमच्याकडच्या एकाचा बॉल तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या गॅलरीत गेला होता, त्याच्या चिठ्ठ्या अशा झाल्या:

1. कोण-कुठे: मी, बिल्डिंगच्या मागे, शेवटच्या दोन ओव्हर बाकी
2. हवंय: बॉल, नाहीतर मॅच ड्रॉ आणि त्यांची टीम चिडवणार
3. पेंड: काका बॉल परत देत नाहीत
4. खटपट १: बेल वाजवली, पण काका झोपले होते म्हणून अजून चिडले
5. खटपट २: म्हणून लहान बहिणीला पाठवलं, पण तिला लाडू मिळाला आणि ती बॉल विसरली
6. खटपट ३: पण तिने येऊन सांगितलं की गॅलरीत फुटलेल्या कुंड्या आहेत, म्हणून घरून एक कुंडी घेऊन गेलो
7. टांगणी: काकांनी कुंडी घेतली आणि दार लावलं!
8. सुटलं: दार परत उघडलं, पिशवीत सात बॉल

खरं तर कुंडीचं त्याने मनाने घातलंय, प्रत्यक्षात बॉल अजून तिथेच आहे. पण दुसरी खटपट फसली म्हणून तिसरी सुचली, हे तिसरीतल्या मुलाचं आहे!

लिहिताना शुद्धलेखन तपासू नका, पहिल्या खर्ड्यात तर नाहीच. ऱ्हस्व-दीर्घ लाल केलं की मूल सोपे शब्द आणि छोटी गोष्ट निवडायला लागतं. घरात मराठी कमी बोलली जाते अशी मुलं असतील, परदेशातल्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत असतात तशी, तर चिठ्ठ्यांवर इंग्रजी शब्द येऊ देत, तोंडी सांगताना मराठी आपोआप वाढते.

## सगळ्यात शेवटी: मोठे शब्द आणि परीक्षा

आता चिठ्ठ्या उलटून मागे पुस्तकी नावं लिहा. कोण-कुठेच्या मागे पात्र आणि स्थळ, पेंडच्या मागे संघर्ष, खटपटीच्या मागे घटनाक्रम, टांगणीच्या मागे उत्कर्षबिंदू, सुटलंच्या मागे उकल. अख्खी दोरी म्हणजे कथानक. आधी अनुभव मग नाव, उलटं केलं तर व्याख्या पाठ होते आणि गोष्ट तशीच राहते.

शाळेत "मुद्द्यांवरून गोष्ट लिहा" येतं तेव्हा हीच दोरी वापरायची. लाकूडतोड्या, नदीकाठ, कुऱ्हाड पाण्यात, देवी प्रसन्न, असे मुद्दे दिलेले असतात आणि मुलं त्यांना फक्त "मग"ने जोडून मोकळी होतात. मुद्दे वाचल्यावर पेन्सिलने प्रत्येकाशेजारी ह, पें, ख, टां, सु लिहायला शिकवा. ज्या अक्षराला मुद्दाच नाही ती जागा आपल्याला भरायचीय, आणि माझ्या अनुभवात ती बहुतेक वेळा ख असते: कुऱ्हाड पडल्यावर त्याने स्वतः काय काय करून पाहिलं? काठी घातली, पण पाणी खोल होतं, म्हणून... दोन-तीन वाक्यं तिथे घातली की गोष्ट उभी राहते. शीर्षक आणि तात्पर्य मागितलं असेल तर ते लिहायचंच, पण सगळ्यात शेवटी, पाच मिनिटं राखून.

चिठ्ठ्या फेकू नका, एका पाकिटात ठेवा. पुढच्या आठवड्यात दोन मुलांची पाकिटं एकत्र पिसा आणि एकाचं हवंय दुसऱ्याच्या पेंडला लावून द्या, बॉलवाल्या मुलाच्या वाट्याला मागच्या वेळी म्हातारीचा वाघ आला होता.